डब्यातला कोळसा

लंडनला गेलतो तवाची गोष्ट सांगतो, पण हसू नगा रं. मला गहू सोसत न्हाय आणि तिथं जिकडंतिकडं पाव. म्हणून आईनं निपाणीहून ज्वारीच्या कडक भाकरी डब्यात भरून दिलत्या. वर कोळशाचा तुकडा ठेवलता, वासानं मेलेलं माणूस मागं लागू नये म्हणून. माझं वडील, आप्पा, वारल्यापासनं ती असलं लई मानती. विमानतळावर मला लाज वाटली, कोळसा टाकून दिला.

तिथं मी रोज एकच भाकरी खायचो, पण डब्यातनं दोन जायच्या. डबा बॅगेत, बॅगेला कुलूप. शेवटी आईला फोन लावून सांगितलं.

“कोळसा हाय न्हवं?”

“टाकला.”

आई हळूच म्हणाली, “दोन ताटं वाढत जा रं. आप्पांनाबी गहू सोसत नव्हता.”