गोठ्यातली बाटली

माझं माहेर जतकडलं. प्यायाचं पानी ट्यांकरनं यायचं, तितं साखर कुठली, गुळाचा खडा दातात धरायचा आनि वरनं काळा चहा घोटायचा. बा म्हनला पोरीला पान्याच्या गावात देतो, आनि दिली हिकडं वाळव्याच्या बाजूला, उसात. काय सांगू तुमास्नी, पयल्या दिवशी सासूनं चहा दिला, असला गोड की व्हट चिकटलं, मला वाटलं ही मला भुलवाय लागली का काय. माझा सोभावच तसा, कुनी लय गोड वागलं की ह्याला काय पायजे ते मी आदी बघते.

आमचं मालक साखर कारखान्यात कामाला, ऊस घालनारं सभासद बी. सभासदाची साखर सवलतीत मिळायची, पोतंच घरात असायचं. फिक्का चहा म्हंजे पाव्हण्याचा अपमान, आनि पाव्हण्यासंगं मालक घ्यायचंच. नव्या रंगीत टीव्हीपुढं बसलं की आनखी एक कप. पन मानूस माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या दुकानावरनं जायाचं न्हाई.

मग त्यांचं पोट सुटलं, दुपारचंच डोळं मिटाय लागलं, मानंवर काळं चढलं. मी म्हनलं मळ हाय, वजरीनं घासघास घासलं, कातडं लाल झालं पन काळं जाईना. तवा सांगलीला डाक्टरकडं नेलं. त्यानं पोटावर गार मलम लावून मशीन फिरवलं, रक्त तपासलं आनि इचारलं, दारू किती वर्सं घेता. मालक म्हनलं, आवं माळ हाय गळ्यात. डाक्टर माळंकडं बघून हसला, म्हनला लिव्हरवर चरबी चढलीया, रक्तात साखर बी हाय, खरं सांगा. मी दोघांच्या तोंडाकडं बघत व्हते. शिकल्याला मानूस पोटाच्या आत बघून बोलतोय, माझा इस्वास डाक्टरवर बसला.

तवापासनं मी मालकांच्या पाळतीवर. कामावरनं आलं की पानी द्यायच्या निमतानं तोंडाचा वास घ्यायची. सदरा झटकायची, खिशाला मुंग्या लागल्याल्या असायच्या, त्या बी झटकून टाकायची. दारूला मुंग्या लागत न्हाईत हे डोस्क्यात आलंच न्हाई. शेजारीन म्हनली गोड खाऊ घाल, दारूची तलफ मरती, म्हनून मी रोज शिरा करून घालायची.

आनि एक दिवस गोठ्यात कडब्यामागं बाटली घावली. दारूचीच, वर लेबल. माझ्या भनीचा दादला दारूनं गेल्याला, तिचं पांढरं कपाळ डोळ्यापुढं आलं. मालक आलं तशी बाटली पुढं धरली, म्हनलं काडा ती माळ गळ्यातली. मालकांनी बूच काडलं आनि माझ्या तळहातावर वतलं. काकवी. गुऱ्हाळावर काकवी असल्याच बाटल्यांत भरून देत्यात, मला काय ठावं न्हवतं व्हय? मग लपवली का, म्हनलं. तर तू बाटली बघून भांडशील म्हनून. मला रडू बी आलं, हसू बी आलं. इतकी हलकी झाले की पोळ्या केल्या आनि वर तीच काकवी वाढली, जेवा म्हनलं पोटभर.

पुढच्या खेपंला रक्तातली साखर आनखी चढल्याली. मी बाटलीची गोष्ट हसत सांगितली, डाक्टर हसला न्हाई. म्हनला माळ खरी व्हती, माझं चुकलं, पन ताई, जादा गोडाची बी लिव्हरात चरबीच बनती, मानंवरचं काळं बी त्यातलंच, चहा फिक्का करा, काकवी बी बंद. मला पटंना. ज्या साखरंवर अख्खं गाव उभं हाय ती इख कशी? ह्याला औषधं खपवायची असतील म्हनलं. पन मानंचं ते काळं आठवलं, आनि घरी येऊन पोत्याच्या खोलीला कुलूप घातलं.

खरं सांगू, दारू असती तर गावच्या बाया माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. साखर बंद केली तर सासूच म्हनली, नवऱ्याच्या कपातली साखर काडनारी बाई मी बघितली न्हाई. मी किल्ली कंबरंलाच खोचून ठेवली. मला मालक पायजेत.

आता काळं जरा उतरलंय, पोट बी. पन माझा इस्वास न्हाई, आज बी खिशाला मुंग्या बघते. पाव्हण्याला फिक्का चहा द्यायची आमच्यात रीत न्हाई, म्हनून मालक रस्त्यानं जानाऱ्याला घरी आनत्यात. तुमास्नी बी त्यांनीच बोलवलं न्हवं, माझ्या बायकोची कथा लिहा म्हनून? मी तवाच वळखलं. घ्या, गोड केलाय, द्येव तुमचं भलं करू. पन कप माझ्यासमोर रिकामा करा आनि बशीत उरवू नका, ते दाराआड टपून बसल्यात.