मालडुंग्याचा चढ

तुम्ही खुशाल हसा. रविवारी पनवेलहून गाढी नदीच्या कडेकडेने आमच्या सायकली निघाल्या. ग्रुपमधली पोरं पुलावर फोटोंना थांबली, मी ऐटीत पुढे. मालडुंग्याच्या चढावर माझा दम संपला. बाजूने एक टेंपो चालला होता, त्याची मागची फळी धरली आणि आरामात वर पोचलो.

चहाच्या टपरीवर पोरं म्हणाली, "काका, पन्नाशीत हा चढ? आम्हालाही शिकवा!"

मी शिकवायलाच बसलो. श्वास असा घ्यायचा, गिअर असा टाकायचा.

शेजारी चहा पिणारा माणूस वळला. टेंपोवालाच तो. "काका, हात दुखला नाय ना? तुमी पडाल म्हनून मी टेंपो अगदी सावकाश आनला."

त्याला खरंच काळजी होती हो.

तिथे कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.