सुनीलचाच कागद कोरा राहिला

काकू, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलता येत नाही. सुनील असता तर म्हणाला असता, 'तू आपलं टाइपच कर.' तरी उभा राहिलोय.

तो काय करायचा, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. संगणकावर मजकूर लिहिण्यासाठीचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. जगभरातली माणसं मिळून तो घडवतात. त्यात मराठी लिहिलं की जोडाक्षरं फुटायची. नोकरी सांभाळून, द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत बसून, सुनीलने ती सांधली.

पण काम पाठवताना पठ्ठ्याने काय केलं? वर काम करणारे म्हणून आम्हा सगळ्या मित्रांची नावं घातली! लग्नपत्रिकेत घालतात तशी. मी म्हटलं, 'अरे सुन्या, मी फक्त चहा पाजला.' तर म्हणे, 'मग? चहाशिवाय झालं असतं का?'

तिकडच्या प्रोग्रॅमवाल्यांना आपली रीत कुठे माहीत? त्यांचा नियम साधा. ज्याचं नाव, त्याने कामावरचा आपला हक्क प्रकल्पाच्या नावे सही करून लिहून द्यायचा. उद्या कुणी भांडायला उठू नये म्हणून. त्याशिवाय काम आत घेणार नाहीत. नियम चूक नाही हो. मी म्हटलं, नावं काढून टाक. ऐकेना. 'पत्रिका वाटल्यावर नाव खोडतं का कुणी?'

मग हा सह्या गोळा करत हिंडला. 'आधी तुझी कर,' मी म्हणायचो. 'यजमान शेवटच्या पंगतीला,' तो म्हणायचा. चांदवडच्या मित्राची सही घेऊन आला, तो तापाने फणफणतच. पुन्हा उठला नाही.

आमचे सगळ्यांचे कागद झालेत. त्याचाच कोरा राहिलाय.

तिकडून उत्तर आलं, वारस म्हणून आईने सही केली तरी चालेल. काल तो कागद घेऊन इंदिरानगरला काकूंकडे, त्याच्या आईकडे गेलो. काकू म्हणाल्या, 'त्याची जागा आहे ती, बाळा. मी कशी भरू?'

मी कागद घेऊन परत आलो. सही नाही, तर त्याचं काम दाराबाहेरच. आणि पुन्हा मागायची, तर कोणत्या तोंडाने? कागद आत्ताही खिशात आहे. घडी उघडतो, पुन्हा घालतो.

मित्रांनो, आपण सगळे जेवून उठलो. तो जेवायचा राहिला.

उभे राहू या. काही बोलू नका. आज थोडा वेळ आपण त्याच्यासाठी थांबू या.