सुमनताईची वेणी

इतक्या आजारी माणसाला आपण कसे दिसतो याची काळजी का असते? दवाखान्यात मी ज्याला-त्याला हेच विचारत होतो.

माझी सुमनताई तिथे पडून होती. संध्याकाळी तिची लहान पोर अंबाडी गावाहून भेटायला येणार होती. ताई म्हणाली, "बंड्या, माझी वेणी घाल. मला अशी बघून पोर घाबरंल."

मी निजामपुऱ्यात कापड विणायच्या लूमवर कामाला. मला वाटलं, तीनच तर पेड, त्यात काय! कंगवा थेट टाळूपासून खाली ओढला.

ताई कळवळली, "मेल्या, केस हायत, सूत न्हाय! आधी टोकाचा गुंता सोडव, मग वर ये. आणि हाताला दोन थेंब तेल चोळ."

वेणी झाली, पण टोकाला मी सवयीने तुटलेला धागा जोडायची गाठ मारली. शेजारच्या खाटेवरची मावशी, जिला सगळे खाला म्हणत, हसायलाच लागली, "बेटा, ये तो अब कैंची से ही खुलेगी!"

पोर आली. वेणी उचलून बघितली आणि म्हणाली, "मामा, वाकडी हाय." ताई खूप दिवसांनी हसली. पोर खाटेवर चढून तिच्या कुशीत बसली.

दुसऱ्या दिवशी ताई गेली.

तिच्यासाठी शेवटचं काम मी केलं ते आदल्या संध्याकाळी, पोर घरी गेल्यावर. "पाठीखाली वेणी टोचते रे," म्हणाली. मी खिशातल्या सूत कापायच्या कातरीने गाठ कापली, केस सैल विणले आणि वेणी तिच्या खांद्यावरून पुढे आणून ठेवली.