नॉर्वेच्या माशाला काकूंची फोडणी

अबे, चहा राहू दे, आधी हे ऐक! परवा आपल्या दोस्ताच्या, रोशनच्या चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण होतं. नॉर्वेहून आलेल्या इंग्रिडबाईंनी तिकडून आणलेला सुका मासा सोड्याच्या पाण्यात चार दिवस भिजवून शिजवला होता. ताटात पडला तर जेलीसारखा हलून राहिला! बाई समोरच बसलेल्या, एकेकाच्या तोंडाकडे पाहून राहिल्या, अन् कोणी हातच लावेना. मी एक घास कसाबसा गिळला, पण दुसरा जाईना यार. बाईंना किती वाईट वाटेल म्हणून ताटावरून उठवतही नव्हतं.

तेवढ्यात रोशनची आई आली. "काऊन नाही खाऊन राहिले रे? असं फिक्कं कोणाले जाते!" म्हणत तिनं पातेलंच उचललं, आत नेलं अन् लसूण-लाल मिरचीची फोडणी मारून आणलं.

मी म्हटलं, "काकू, काय केलं हे! त्या रडतील ना!"

बाईंनी घास घेतला. डोळ्यांतून धारा! मी पाणी घेऊन धावलो. त्यांनी ग्लास बाजूला सारला अन् मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बचपन से हर क्रिसमस खाया, माँ के डर से. आज पहली बार अच्छा लगा."