फक्कीच्या भिंती

मंडळी, ऐका! साधा सवाल आहे. घर कुणाचं? ज्यानं बांधलं त्याचं? की कागद ज्याच्या नावावर त्याचं? मागून कोण म्हणालं, "बायकोचं"? देव तुमचं भलं करो — फक्त हे घरी गेल्यावरही म्हणा!

तर शहरातली बुरूड आळी. बांबूची सुपं, टोपल्या विणणारी माणसं. पत्र्याची घरं पाडून तिथं इमारत व्हायची होती. नकाशा काढणारे इनामदार साहेब — भला माणूस! म्हणाले, "आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखू. चालून बघा, मग सांगा."

पुरुष मंडळी चालली. "झ्याक हाय, साहेब!" झालं!

पण गोदाक्काला ते पटेना. साठी उलटलेली, जन्म विणण्यात गेलेला. घरात बांबूच शिरला नाही, तर विणायचं काय? तिनं बांबू खांद्यावर घेतला. केवढा? एक टोक आळीत, दुसऱ्यावर शेजारच्या गावचे कावळे! हसता काय? बरं, दोन हात कमी करा.

फक्कीच्या दारातून शिरली, वळली — आणि थांबली.

"अक्का, या की पुढं!"

"कशी येऊ? मधी भिंत हाय!"

"अहो, ही फक्की आहे!"

"आज फक्की. उद्या इटा लावशिला न्हवं?"

मग साहेबांनी फक्कीचं घमेलंच तिच्यापुढं धरलं. "तुम्हीच आखा."

गोदाक्कानं आखलं. पुढं लांबलचक पडवी, बांबू सरळ आत! आळीनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात तिची सून शेवंता त्या रेघांत शिरली, आणि मागच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

"अगं, तिथं काय करतीस?"

"सैपाक, आत्याबाई. चूल हितंच ठिवलीया न्हवं तुमी? खिडकी कुठंय?"

गोदाक्का बघतच राहिली. मंडळी, तीस वर्षं ती स्वतः अशाच कोपऱ्यात धूर खात रांधत होती! आणि हातात पहिल्यांदा फक्की आली, तर तिनं तोच कोपरा पुन्हा आखला — सुनेसाठी!

ती खाली बसली. पदरानं रेघ पुसली. घमेलं शेवंताकडं सरकवलं. "धर. आता तू."

शेवंतानं मूठ भरली खरी, पण हात हलेना. "कुठं काढू, आत्याबाई?"

"मला इचारू नगंस. मी बसलीया हितं. सावकाश काढ."

आणि बसली हो, भर उन्हात, तोंडातून अक्षर न काढता!

मंडळी, तुम्हीही घरं घेता, भिंती पाडता, रंग निवडता. घरातल्या ज्या माणसाला कधीच विचारलं नाही, त्याला आज विचारा. उत्तर लगेच यायचं नाही — सवय कुठंय? मग घाईनं तुम्हीच सांगून मोकळे होऊ नका. बसून राहा. तोवर देवाचं नाव घ्या — पण मनातल्या मनात! समोरच्याचा आवाज आधीच बारीक असतो.