विषय : हरकतीबाबत

मच्छिंद्र : त्रेसष्ट अर्ज काका, आन् सगळेच्या सगळे उलट्या ढिगात!

श्यामसुंदर : उलट्या म्हणजे कुठल्या?

मच्छिंद्र : विरोधाच्या. काल आमच्या बजरंगनं कचेरीतला फळा बघितला. पवनचक्कीला हरकती बहात्तर, पाठिंबा शून्य. वाडीनं पवनचक्की मागितली, आन् कागदावर वाडीच तिला आडवी गेली.

कुसुम : त्रेसष्टचे बहात्तर कसे झाले रे?

मच्छिंद्र : वरचे नऊ काकांच्या वळखीच्या मंडळींचे, काकू. डोंगराखाली प्लॉट घेतलेत ना, त्यांचे.

कुसुम : नऊच्या नऊ सदाशिव पेठेतले. यांचा दहावा तेवढा राहिलाय. सातव्यांदा तपासून होतोय.

श्यामसुंदर : हरकत कशी मुद्देसूद हवी. पाखरं पात्यांवर आपटून मरणार. रात्रंदिवस घरघर. आणि वर सड्यावर एवढी फुलं येतात, ती रस्त्याखाली जाणार.

कुसुम : ऐकणाऱ्याला वाटेल, रोज पाणी घालायला जातात. तीन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही तिकडे. हा मच्छिंद्र कुंपण राखतो म्हणून प्लॉट जागेवर आहे.

श्यामसुंदर : विषयांतर नको.

कुसुम : नकोच. मच्छिंद्र, अर्ज विरोधात गेले कसे, ते सांग.

मच्छिंद्र : आमी लिवलं हुतं, ‘पवनचक्की पायजे.’ बास. म्हटलं, काकांकडनं जरा शुद्ध करून घ्यावं. काका म्हणाले, सरकारी कागद असा नसतो. मग काकांनी लिवून दिलं, ‘आमची कोणतीही हरकत नाही.’ आन् त्याच्या वर, ‘विषय : हरकतीबाबत.’ त्रेसष्ट घरांनी तेच उतरवून काढलं.

श्यामसुंदर : अगदी बरोबर आहे ते. हरकत असो वा नसो, विषय हरकतीचाच. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत मी.

मच्छिंद्र : पर खिडकीवरच्या बाई विषयाच्या खाली वाचतच न्हाईत. वर हरकत दिसली, टाकला हरकतीत.

श्यामसुंदर : मग दोष वाचणाऱ्याचा.

कुसुम : आणि फायदा तुमचा. अहो, ज्याच्या विरोधात घरोघर सह्या मागत हिंडलात, त्याच्याच पाठिंब्याचा अर्ज तपासून दिलात?

श्यामसुंदर : अशुद्ध बघवत नाही मला. समोरचा विरोधक आहे म्हणून का चुकीचं जाऊ द्यायचं?

कुसुम : आता वाडी म्हणेल, मुद्दाम केलं.

श्यामसुंदर : कोण म्हणतंय असं?

मच्छिंद्र : कोनी न्हाई. म्हंजे, बजरंग म्हणाला. पर त्यो सगळ्यांबद्दलच म्हणतो.

श्यामसुंदर : मुद्दाम! मी! आणि तू काय म्हणालास?

मच्छिंद्र : मी यष्टीत बसलो. मुदत आज पाचपर्यंत हाय. बाई काल बजरंगला म्हणाल्या, सगळ्यांच्या सह्यांचा एक खुलासा आना, ढीग बदलते. ह्यो घ्या कागद. खाली सह्या हायत, अंगठे हायत. वरची जागा सोडलीय.

श्यामसुंदर : अरे, हा कोरा आहे!

मच्छिंद्र : मजकूर तुमी लिवणार, म्हणून कोरा.

श्यामसुंदर : कोऱ्या कागदावर त्रेसष्ट सह्या? आणि हा तू माझ्या हातात देतोस? मी विरोधात आहे, मच्छिंद्र.

मच्छिंद्र : ते ठाव हाय की सगळ्यांना.

कुसुम : लिहा आता काय हवं ते. सगळी वाडी काशीला निघाली आहे, असं लिहिलंत तरी खाली सह्या तयार आहेत.

श्यामसुंदर : तू जरा गप्प बस. मच्छिंद्र, तुम्हाला खरं तर रस्ता हवाय. मग रस्ता मागा. पवनचक्की कशाला मधे?

मच्छिंद्र : मागितला की. एकवीस वर्षं झाली. त्यो अर्ज बी तुमीच लिवलेला. साहेब म्हणाले, इतकं चांगलं मराठी या टेबलावर कधी आलं न्हाई. चार जणांना बोलवून वाचून दावला.

कुसुम : आणि रस्ता?

मच्छिंद्र : रस्ता न्हाई. आता ते पवनचक्कीचं पातं आमच्या देवळापरीस लांब. ते वर न्यायचं तर कंपनीला आधी रस्ता करावाच लागतो. मागल्या साली थोरल्या सुनेला, भाग्यश्रीला, घोंगडीच्या झोळीतनं खाली आनत हुतो. निम्म्या वाटंत, करवंदीच्या जाळीपाशी बाळंत झाली. नात वाचली. आता धाकटीला दिवस गेलेत.

श्यामसुंदर : कितवा?

मच्छिंद्र : तिसरा.

श्यामसुंदर : आणि फुलांचं काय?

मच्छिंद्र : फुलं आमची बी हायत, काका. रस्ता कडंकडंनं न्या, मधनं नको, असं आमी बी सांगणार कंपनीला. त्याचा बी अर्ज तुमीच लिवा.

श्यामसुंदर : कुसुम, माझा चष्मा.

कुसुम : नाकावर आहे.

(श्यामसुंदर कागद पुढे ओढून कोऱ्या जागेत लिहू लागतात.)

मच्छिंद्र : लई मोठं हुतंय का, काका? बाई वाचत न्हाईत.

श्यामसुंदर : तीन ओळी आहेत. विषयात ‘हरकत’ हा शब्दच ठेवलेला नाही. ‘विषय : पवनचक्की पाहिजे.’

कुसुम : सरकारी कागद असा नसतो, म्हणत होतात.

श्यामसुंदर : वाचणारा बघून लिहावं लागतं. घडी नीट घाल रे, सह्यांवर मोडू नकोस.

मच्छिंद्र : काका, तुमची हरकत बी द्या की.

श्यामसुंदर : माझी?

मच्छिंद्र : त्याच खिडकीवर चाललोय. मुदत सगळ्यांनाच एक हाय. तुमची ऱ्हायला नको.

कुसुम : घ्या! आणून देऊ का? टेबलावरच आहे.

श्यामसुंदर : नको. तिच्यात एक वेलांटी चुकली आहे.

कुसुम : कुठली? दाखवा, मी आत्ता सुधारून देते.

श्यामसुंदर : अशी घाईत सापडायची नाही ती. उद्या निवांत बघेन.